कंसातल्या मिसेस टेट

रेकॉर्डर चालू असला की माणसं भाषण करतात, बंद केला की गोष्टी सांगतात. कॅसेटी सगळ्या लायब्ररीत गेल्या, गोष्टी माझ्याकडे राहिल्या. आता कोणी जेवायला आलं की एखादी निघतेच. प्रशांत म्हणतो, "झालं, सुरू झाली ही." सुरू झाले तर झाले. ऐकणारा नवीन आहे ना, मग तुझं काय जातंय?

तर २००४ साल. ॲन आर्बरला येऊन आम्हाला वर्ष झालं होतं. प्रशांत, म्हणजे माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये. मी त्याच्या व्हिसाला टाचलेली, डिपेंडंट. नागपूरला मी एका वकिलाकडे सात वर्षं टायपिस्ट होते. इंग्रजी चाळीस, मराठी तीस, दोन्ही सर्टिफिकिटं लॅमिनेट करून सोबत आणली होती. इथे आल्यावर कळलं, काम करायला हरकत नाही, फक्त त्याचा पगार घ्यायचा नाही. म्हटलं, लग्न झाल्यापासून तेच चाललंय, सवय आहे.

अशात डेनीस भेटली. ती विद्यापीठात काळ्यांच्या लढ्यांचा इतिहास शिकवायची, स्वतः काळी, माझ्याच वयाची. दक्षिणेत मतदानाच्या हक्कासाठी ज्यांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला आणि नंतर जे मिशिगनला येऊन राहिले, अशा म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ती टेप करत होती. ऑफिस एका चर्चच्या तळघरात. मला टायपिंग येतं म्हटल्यावर तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही.

दर गुरुवारी आम्ही दोघी मिस्टर टेट यांच्या घरी जायचो. वय ऐंशी, आवाज चाळिशीतला. डेनीस प्रश्न विचारायची, मी रेकॉर्डर सांभाळायचे. बाकीचे दिवस तळघरात बसून, पायानं पेडल दाबत, टेप थांबवत थांबवत टाइप करायचं. मे महिन्यात सगळं लायब्ररीत जाणार होतं आणि त्याच दिवशी चर्चच्या हॉलमध्ये लढ्यातल्या लोकांच्या नावांची पितळी पाटी लागणार होती. त्या पाटीचंच हे सगळं आहे.

* * *

पहिला घोळ मी पहिल्याच गुरुवारी घातला.

डेनीसनं बसमध्ये मला शिकवलं होतं, "आमच्या विद्यापीठात मॅडम, सर काही नाही. सरळ नावानं हाक मारायची." मी नागपूरची मुलगी, मोठ्या बाईला नावानं हाक मारायची म्हणजे जीभ जड होते. पण म्हटलं, देश तसा वेश. मिसेस टेट कॉफी घेऊन आल्या तशी मी मोठ्या उत्साहानं म्हणाले, "थँक यू, अर्नेस्टिन!"

मिसेस टेट यांनी कप माझ्यासमोर ठेवला आणि आत निघून गेल्या. डेनीस छताकडे बघायला लागली.

मिस्टर टेट शांतपणे म्हणाले, "आमच्या गावात दुकानातलं सहा वर्षांचं गोरं पोरसुद्धा माझ्या आईला नावानं हाक मारायचं. ती साठ वर्षांची होती. तिला मिसेस म्हणून कोणी हाक मारली नाही, मरेपर्यंत. म्हणून या घरात ती मिसेस टेट आहे. मीसुद्धा मिसेस टेटच म्हणतो."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आत जाऊन माफी मागितली. म्हटलं, आमच्याकडे तुमच्या वयाच्या बाईला मावशी म्हणतात.

"त्याचा अर्थ काय?"

"आईची बहीण."

मिसेस टेट यांनी विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या. "आधी काही दिवस मिसेस टेट म्हण. मग बघू."

* * *

दुसऱ्या महिन्यात मराठी मंडळात बातमी पसरली की मी चर्चमध्ये जाते.

मंडळाच्या देशपांडे काकूंचा फोन आला. "अगं, सगळं ठीक ना? प्रशांतशी काही बिनसलंय का?"

"नाही हो काकू. टायपिंग करते तिथे."

"तिथे सगळे ते काळे लोक असतात ना? सेफ आहे का?"

"हो. अजून मी त्यांना काही केलेलं नाही."

काकू हसल्या नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "धर्म वगैरे बदलायला सांगत नाहीत ना?"

म्हटलं, "आमच्या घरात तो एकदाच बदलला काकू, छप्पन्न साली, नागपूरला. परत परत बदलायची आमच्यात पद्धत नाही."

मग काकू म्हणाल्या, "हो का? बरं बरं."

त्यानंतर चर्चबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. फक्त मंडळाच्या पोटलकला आधी मला दहीभात नाहीतर कोशिंबीर आणायला सांगायचे, तेव्हापासून पेपर प्लेट्स आणायला सांगायला लागले.

* * *

मिस्टर टेट यांचा जीव आफ्रिकेवर. तरुणपणी त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा लावला होता. एखादा देश स्वतंत्र झाला की तो हिरवा रंगवायचा. "आम्हाला गावातल्या कोर्टाची पायरी चढू देत नव्हते," ते सांगत होते, "पण रोज सकाळी मी नाश्ता करताना स्वतंत्र होत असलेला खंड बघायचो. तुमचा देशसुद्धा मी कडेला काढला होता. आम्ही म्हणायचो, त्यांना जमलं, आपल्याला का नाही?"

माझ्या अंगावर काटा आला. डेनीस भराभर लिहून घेत होती.

"आणि साठ साली," मिस्टर टेट हात वर करून म्हणाले, "एकाच वर्षात इतके देश सुटले की माझा हिरवा खडू संपला!"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "खडू माझ्या वर्गातले होते. आणि रंगवत मी होते. यांना रेषेच्या आत रंगवता येत नाही."

"तर मी काय सांगत होतो," मिस्टर टेट म्हणाले, आणि पुढचा देश घेतला.

* * *

आता माझी चूक. ही सांगताना मला अजून लाज वाटते, पण सांगते.

प्रोजेक्टचं एक नियमांचं पान होतं. मुख्य बोलणाऱ्याचा शब्द न् शब्द जसाच्या तसा लिहायचा. बाकीचे आवाज, म्हणजे खोकला, फोन, कुत्रा, हे कंसात: बॅकग्राउंड नॉइज. वकिलाकडे सात वर्षं काढलेली बाई मी, नियम म्हणजे नियम. नऊ टेपा टाइप करून डेनीसच्या टेबलावर ठेवल्या. एकही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बोलावलं. "या चौथ्या टेपमध्ये एकेचाळीस वेळा बॅकग्राउंड नॉइज आहे. एवढा कसला आवाज आहे?"

"भांड्यांचा."

"एकेचाळीस वेळा भांडी?"

"नाही. सात वेळा भांडी."

"आणि चौतीस वेळा?"

मी खाली मान घातली. "मिसेस टेट."

डेनीसनं डोक्याला हात लावला. मग टेप लावली. मिस्टर टेट म्हणतात, आम्ही अकरा दिवसांत चार हजार पत्रकं छापली. मागून आवाज: मी छापली, शाळेच्या मशीनवर. मिस्टर टेट म्हणतात, मग सभा झाली. मागून आवाज: सभेला हॉल कोणी मिळवला ते सांगा. मी त्याच घरात बसून हे सगळं ऐकलं होतं. हसलेसुद्धा होते. आणि टाइप करताना शांतपणे कंसात टाकलं होतं. एका बाईनं. चाळीसच्या स्पीडनं.

पुढच्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात जाऊन मिसेस टेट यांना कबुली दिली. त्या चौथ्या टेपचे कागद मागून घेऊन, चष्मा लावून, उभ्या उभ्या वाचत राहिल्या. प्रत्येक कंसावर बोट ठेवत होत्या.

"चौतीस?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, जास्त असतील."

* * *

मार्चमध्ये पाटीच्या कमिटीनं नावांचा नियम ठरवला. ज्यांना लढ्यात अटक झाली त्यांचीच नावं पाटीवर. कमिटीत तिघं म्हातारे, अध्यक्ष मिस्टर टेट. ते स्वतः अकरा दिवस आत होते.

डेनीसनं विचारलं, "आणि मिसेस टेट?"

"त्यांना अटक झाली नव्हती," मिस्टर टेट म्हणाले. ते कपटानं बोलत नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "नियम सगळ्यांना सारखा. अध्यक्षानंच बायकोसाठी नियम वाकवला तर लोक काय म्हणतील?"

आम्ही सगळे स्वयंपाकघराकडे बघायला लागलो. या वेळी आतून काही आवाज आला नाही.

निघताना मिसेस टेट मला दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "पाटी पितळेची आहे ना?"

"हो."

"म्हणजे दर शनिवारी पुसावी लागणार. हॉलची साफसफाई आम्हा बायकांकडे आहे." त्यांनी माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. "पहिली पाळी माझीच आहे. मी यादी पाहून आलेय."

बसमध्ये मला रडू येत होतं आणि बाहेर बर्फ पडत होतं, म्हणून मी बर्फ बघत बसले.

* * *

त्या रविवारी मी कॉलिंग कार्डवरून नागपूरला आईला फोन लावला.

आमचे बाबा चौदा एप्रिलची एक गोष्ट दर वर्षी सांगतात. वस्तीत पहिल्यांदा मोठी मिरवणूक निघाली, बाहेरगावाहून माणसं आली, "आणि आम्ही चारशे माणसांना जेवू घातलं!" ही गोष्ट मला तोंडपाठ आहे. लहानपणापासून ऐकतेय.

मी म्हटलं, "आई, त्या चारशे माणसांचा स्वयंपाक कोणी केला होता?"

तिकडे आईनं टीव्हीचा आवाज कमी केला.

"आई? ऐकू येतंय ना? कार्डाची मिनिटं चाललीत."

"काऊन विचारतेस?"

"सहज."

"चारशे नाही, सहाशे होते," आई म्हणाली. "आम्ही पाच बाया होतो." मग तिनं पाचही नावं सांगितली. कोण कुठल्या गल्लीत राहायची, कोणाच्या कडेवर पोर होतं, कोणाचा हात भाजला होता. मी लाइट बिलाच्या पाकिटावर मागेपुढे लिहून घेतलं. आई थांबेचना.

शेवटी म्हणाली, "एवढं विचाराले फोन केला काय?"

"हो."

"मग आधी करायचा होता," आई म्हणाली. "त्यातल्या दोघी गेल्या."

* * *

पुढच्या गुरुवारी मी डेनीसला न विचारता रेकॉर्डर उचलला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर नेऊन ठेवला. डेनीसनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली.

मिसेस टेट हात पुसत म्हणाल्या, "हे काय आहे?"

"टेप दहावी," मी म्हटलं. "मुख्य बोलणाऱ्या तुम्ही."

त्या उभ्याच राहिल्या. मग ॲप्रन काढला, घडी केली, आणि मागे न बघता म्हणाल्या, "मिस्टर टेट, कॉफी तुम्ही करा."

मिस्टर टेट आले. पन्नास वर्षांच्या संसारात घरातली कॉफी कुठे असते ते त्यांना कधी माहीत नव्हतं. आमच्या पाठीमागे कपाटांची उघडझाप सुरू झाली.

मिसेस टेट यांनी दीड तास सांगितलं. त्या तिसरीच्या वर्गाला शिकवायच्या. शाळेत हातानं फिरवायचं छापायचं मशीन होतं. मिस्टर टेट आणि बाकीचे पुरुष आत गेल्यावर बाहेर पत्रकं कोण काढणार? शाळा सुटली की त्या वर्गाचं दार लावून घ्यायच्या आणि मशीन फिरवायच्या. शाई दिसू नये म्हणून अकरा दिवस एकच निळा ड्रेस घातला. तुरुंगात माणसाला दोन वेळचं जेवण मिळत होतं, त्या म्हणाल्या, बाहेर दोन मुलं आणि चार हजार कागद होते. बाराव्या दिवशी मिस्टर टेट सुटले, गावानं त्यांना खांद्यावर घेतलं. तेराव्या दिवशी मिसेस टेट यांना शाळेतून काढलं. त्या भागात एकाही शाळेनं पुन्हा घेतलं नाही. मिशिगनला येईपर्यंत नऊ वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केला.

"मला शिकवायला फार आवडायचं," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

पाठीमागची कपाटं कधीच थांबली होती.

डेनीसला शेवटचा प्रश्न विचारायचाच होता, तो नियमांच्या पानावर होता. "रेकॉर्डसाठी तुमचं पूर्ण नाव सांगाल?"

त्या ताठ बसल्या. "मिसेस अर्नेस्टिन टेट."

मागून मिस्टर टेट यांचा आवाज आला. चाळिशीतला नव्हता, ऐंशीचा होता. "डेनीस, कमिटीला कळव. त्या पाटीवर मिसेस टेट यांचं नाव घालायचं. माझ्या वर. सगळ्यांच्या वर. नियम मी बदलतो. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

डेनीसनं डोळे पुसले. माझेही भरून आले होते. टेप फिरत होती.

मिसेस टेट यांनी मान वळवली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोटानं रेकॉर्डर दाखवला आणि म्हणाल्या, "हे कंसात घे."