तुझा इंशाल्ला की माझा?

बातमी आली तेव्हा मी ऑफिसात एका व्हॉल्व्हच्या ड्रॉइंगवरची चुकलेली रेघ खोडत होतो. फोन मुहर्रकहून, इस्माईलभाईंच्या मेव्हण्याचा होता. "दामलेभाई, इस्माईलभाईंचा गावाला इंतकाल झाला. सकाळी पायरीवर बसले, चहा मागितला, नि चहा येईपर्यंत..." मग म्हणाला की दुपारच्या नमाजानंतर दफनही झालं. म्हणजे मला कळेपर्यंत माणूस मातीआड गेलेला होता, आणि मी इथे बहरीनमध्ये, सित्र्यात, हातात रबर घेऊन बसलो होतो. काय करावं ते सुचेना, म्हणून मी तीच रेघ पुन्हा खोडायला घेतली. कागद फाटला.

इस्माईलभाई कुणी नामांकित नव्हते. दापोलीच्या पुढे खाडीकाठी त्यांचं गाव. तिथून ऐन तारुण्यात बहरीनला आले आणि आमच्या कारखान्यात व्हॉल्व्ह दुरुस्त करणारे फिटर झाले. कंपनीच्या बसमध्ये ते मुहर्रकला चढायचे, मी नंतर माहूजला. मी नवा होतो तेव्हा एकदा डब्यातली आमटी माझ्या पँटवर सांडली आणि मी स्वतःशीच काहीतरी पुटपुटलो. शेजारून आवाज आला, "पुण्याचा काय रे? शिवी पण शुद्ध देतंस." त्या दिवसापासून खिडकीजवळची जागा त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवली ती आठ वर्षं. मी त्यांना अहो म्हणायचो, ते मला अरे म्हणायचे, आणि वयातल्या बारा वर्षांचा हिशेब एवढ्यावरच मिटलेला होता.

आता बेसबॉल. वाचक हसतील, पण आमच्या कारखान्याचा बेसबॉलचा संघ होता. कारखान्याचे सुपरिंटेंडेंट अमेरिकन होते. त्यांना चेंडू फेकल्याशिवाय चैन पडायचं नाही, आणि फेकलेला चेंडू अडवायला कुणीतरी लागतं. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा तो कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपरच. फक्त तोंडावर जाळी, छातीवर गादी, नडग्यांवर पट्टे. साहेबांनी कँटीनमध्ये विचारलं, "तासभर उकिडवं कोण बसू शकतं?" इस्माईलभाई म्हणाले, "आमचा तर जन्मच तसा गेलाय," आणि ते कॅचर झाले. त्यांची खरी गंमत मला दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यात कळली. कॅचर मांडीआड बोटांनी खूण करतो आणि चेंडू फेकणाऱ्याने ती मानायची असते. आठवडाभर साहेब सांगतील ते इस्माईलभाई करायचे. शुक्रवारी सकाळी इस्माईलभाई दोन बोटं दाखवायचे आणि साहेब मान डोलवून तसा चेंडू टाकायचे. सगळं मैदान तोंडासमोर असलेला तो एकटाच माणूस. जुम्म्याच्या नमाजाआधी खेळ संपायचा, ते आंघोळ करून मशिदीत जायचे आणि शनिवारी पुन्हा व्हॉल्व्हपाशी. एकदा मला म्हणाले होते, "दामले, इतक्या वर्षांत या मुलखात मना कोणी इचारला नाय, काय करूया म्हणून. शुक्रवारी इचारतात."

कुवेतचं युद्ध संपून दोन हिवाळे झाले असतील. नव्या हंगामाआधी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला खेळता येत नव्हतं, पण अक्षर चांगलं म्हणून मी संघाचा स्कोअरर आणि कागदोपत्री मॅनेजर होतो. कॅचर कोण, हा प्रश्न होता. थॉमस नावाचा केरळचा आडदांड वेल्डर होता, पण चेंडू आला की तो डोळे मिटायचा. नेस्टर नावाचा फिलिपिनो मुलगा नुकताच लागला होता. तो लहानपणापासून हाच खेळ खेळलेला, खांदा असा की बसल्या बसल्या चेंडू थेट दुसऱ्या बेसवर, म्हणजे मैदानाच्या पार पलीकडच्या टप्प्यावर पोचवायचा. आणि इस्माईलभाई... त्यांच्या हातून झेल सुटत नव्हता, पण गुडघे गेले होते. उठून फेकेपर्यंत समोरच्या संघाचा पळणारा पुढच्या बेसवर उभा असायचा. मागच्या हंगामात माझ्याच वहीत अशा चोरलेल्या बेसची रांग लागली होती. साहेबांनी वही पाहिली, मिटली आणि म्हणाले, नेस्टर. मग दाराशी येऊन हळूच म्हणाले, त्याला तू सांग, तो तुझा मित्र आहे.

त्याच संध्याकाळी बसमध्ये इस्माईलभाईंनी विचारलं, "काय ता बोल. यंदा फलंदाजामागे मीच ना?" मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणालो, "इंशाल्ला."

इथे राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ऑफिसात एसी कधी दुरुस्त होईल विचारा, उत्तर इंशाल्ला. बढतीचं काय, इंशाल्ला. तोंडावर नाही म्हणायचं नसलं की हा शब्द फार सोयीचा पडतो, आणि आम्ही पुण्या-मुंबईचे लोक तो वर्षभरात उचलतो. मला वाटलं, त्यांना कळलं. वीस वर्षं काढलेला माणूस, त्याला नाही कळणार? पण मी हे विसरलो की हा शब्द त्यांनी बहरीनमध्ये उचललेला नव्हता. तो त्यांच्या घरातला होता. देवाच्या मर्जीवर सोडून दिलेला शब्द, म्हणजे माणसाने आपल्याकडून दिलेला होकार. मी नकार दिला होता आणि त्यांनी वचन घेतलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते तयारीला लागले. पहाटे मुहर्रकच्या समुद्राच्या कडेने चालायला लागले. गुडघ्यांना शेक. झेलण्याच्या जाड ग्लोव्हला खोबरेल चोळायचे, आत चेंडू ठेवून वर सुतळी करकचून बांधायचे आणि गादीखाली घालून त्यावर झोपायचे. म्हणजे ग्लोव्हला चेंडूची सवय राहते, असं साहेबांनीच कधीतरी शिकवलं होतं. बसमध्ये शेजारी बसले की त्यांच्या हातांना खोबरेलाचा वास यायचा आणि मी तोंड खिडकीकडे वळवायचो. तीन आठवडे होते माझ्याकडे. रोज जाताना एक संधी, येताना एक. एकदा तर "इस्माईलभाई, ते कॅचरचं..." इथवर आलो. ते लगेच म्हणाले, "नेस्टरचा हात बघितलास? दोन वर्षांत माझी जागा घेईल बघ तो. तयार करतंय त्याला मी." मी मान डोलावली. भित्रेपणाला आपण चांगलं नाव देतो, भिडस्तपणा.

पहिल्या सामन्याच्या सकाळी तेल शिंपडून दाबलेल्या त्या वाळूच्या मैदानावर मी पोचलो, तर इस्माईलभाई माझ्याआधी येऊन बाकावर बसले होते. नडग्यांचे पट्टे बांधून, छातीवर गादी चढवून, जाळी मांडीवर. साहेबांनी नावं वाचली. कॅचर, नेस्टर. मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी काहीच सांगितलं नव्हतं, हे त्यांना कळलं. मी वहीत तोंड खुपसून रेघा मारत होतो. खाली वाकून इस्माईलभाईंनी एकेक बक्कल सोडलं. बोटं जाड होती, वेळ लागला. सगळा संघ उभा राहून दुसरीकडे बघत होता. मग त्यांनी नेस्टरला समोर बसवलं आणि स्वतःच्या हाताने ते पट्टे त्याच्या पायांना बांधले. "लेफ्टवाला थोडा लूज रखो, ब्रदर. नहीं तो घुटना पकडता है."

परतताना बसमध्ये त्यांनी माझी जागा धरून ठेवली होती. नसती धरली तर बरं झालं असतं.

"तू इंशाल्ला बोललंस."

"इस्माईलभाई, ते इथलं... म्हणजे ऑफिसात म्हणतात तसं..."

"हितला नि तितला वेगळा असता काय?" ते शांतपणे म्हणाले. "नाय बोलायचा होता, ता नाय बोलायचा. आम्ही काय लहान हाव? अल्लाला मध्ये कशाला घातलंस?"

ते भांडले असते तर मी माफी तरी मागितली असती. पण त्यांनी डबा उघडला आणि अर्धी घावणं माझ्यापुढे केली. पुढचे दोन हंगाम ते बाकावर माझ्या शेजारी बसले, नेस्टरला ओरडून सूचना देत. तेव्हापासून मी कुठल्याही बाबतीत इंशाल्ला म्हणालो की ते भुवई उडवून विचारायचे, "तुझा की माझा?" मी हसायचो. हसताना दर वेळी तो बाक दिसायचा.

दोन वर्षांपूर्वी व्हिसा संपवून ते कायमचे गावी निघाले. मुहर्रकच्या विमानतळावर मी पोचवायला गेलो होतो. त्यांनी तो ग्लोव्ह माझ्या हातात दिला. "हा तुझ्याकडे ऱ्हावू दे. गावाला येशील तेव्हा घेऊन ये. येशील ना?"

"इंशाल्ला," मी म्हणालो.

त्यांची भुवई वर गेली. "तुझा की माझा?"

"तुमचा," मी म्हणालो, आणि खरंच तसाच म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि आत गेले.

त्यानंतर दोन सुट्ट्या आल्या आणि गेल्या. एकीत आईचं ऑपरेशन, दुसरीत मुलीची शाळा. कारणं खरी होती. पुण्याहून दापोली काही दुसऱ्या देशात नाही, हेही तितकंच खरं होतं.

बातमीनंतर आठवड्याने इस्माईलभाईंच्या बायकोशी, हलिमाभाभींशी, फोनवर बोलणं झालं. त्याच बोलत होत्या. म्हणाल्या, माडीवरची खोली तुमच्यासाठी रंगवून घेतली होती त्यांनी. तुम्हाला जमिनीवर झोपायची सवय नाही म्हणून पलंग आणला. दर मे महिन्यात खोली उघडायचे. "मी बोलायची, कशाला? कोण येताय? तर बोलायचे, दामले इंशाल्ला बोललाय. माझा इंशाल्ला." मग त्यांनी विचारलं, "चाळिसाव्याला येणार ना, दामलेभाई?"

चाळिसाव्या दिवशी गेलेल्या माणसासाठी दुवा मागायला सगळे जमतात; त्यासाठी मी रजेचा अर्ज दिला आहे. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असतो. रजा मंजूर झाल्याशिवाय तो हातात येत नाही, आणि सध्या कारखान्यात मोठ्या दुरुस्तीचं काम चालू आहे. साहेब कधीच अमेरिकेला गेले. नेस्टरही दुसरीकडे लागला. पर्सोनेलमधल्या अधिकाऱ्याने माझा अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, भला माणूस आहे, आणि हसून म्हणाला, "इंशाल्ला." यातला कोणता, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. रोज बसमध्ये खिडकीजवळ बसून मी त्याच्या आवाजाचा अर्थ लावत असतो. शेजारची जागा रिकामी असली की ती धरून ठेवल्यासारखा मी तिच्यावर डबा ठेवतो.

परवा मी बॅग भरून दाराशी ठेवली. बायको म्हणाली, "अहो, रजा तरी मिळू दे." तळाशी ग्लोव्ह आहे. त्याला खोबरेल चोळलं, आत चेंडू ठेवला, वरून सुतळी बांधली. चाळिसावं अजून तेरा दिवसांवर आहे.

काल भाभींचा पुन्हा फोन आला. "नक्की येणार ना?"

मी म्हणालो, "इंशाल्ला."

त्या म्हणाल्या, "बरा. मग मी खोली झाडून ठेवतंय."