रामेश्वराची रेती

आमच्या सासऱ्यांना आयुष्यभर एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्यांनी रामेश्वर केलं होतं. आर्वीच्या बाजारात कापूस घेऊन आलेला कुणी शेतकरी आमच्या दुकानापुढं टेकला, की त्याला पाणी मिळो न मिळो, रामेश्वर मिळायचंच. ‘बेट आहे बावा, बेट. चारी बाजूनं समुद्र. अन् पूल कसा, तर मधातून उघडते. जहाज आलं का उघडते, गेलं का बंद.’ दोन्ही पंजे जोडून ते पूल उघडूनमिटून दाखवायचे. इतकी वर्षं झाली, पण ते पंजे आठवले की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. नवऱ्याला दुकान सांभाळायला मागं ठेवून आम्ही चौघं गेलो. सासरे, सासूबाई, मी आणि आत्या. मला नेलं, कारण लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. म्हणजे मला देवाच्या पायावर घालायचं होतं. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. कळत्या वयाआधीच विधवा झालेली, आणि तेव्हापासून भावाच्या घरची चूल सांभाळणारी. सासऱ्यांना बाहेरचं अन्न चालत नसे. सोवळ्यात रांधणारं माणूस सोबत हवंच होतं. पण तसं कोण म्हणेल? ते म्हणाले, ‘बाई, चाल. तुले समुद्र दाखवतो.’

त्या एका वाक्यावर आत्या महिनाभर हवेत होत्या. त्यांनी आजवर वर्धा नदीहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं, आणि ती उन्हाळ्यात पायी ओलांडता येते. पोळ्या लाटता लाटता मला विचारायच्या, ‘नदीचा पलीकडला काठ दिसते. समुद्राचा दिसत नाई म्हणते. मंग मानूस पायते कुठं?’ मला तरी काय माहीत? मी म्हणायची, ‘आपण दोघी पाहू नं आत्या.’

आर्वीहून पुलगावपर्यंत छोटी गाडी, पुढं वर्धा, वर्ध्याहून मद्रासची गाडी, तिथून आणखी एक. स्टेशनावरचं पाणी आत्यांना चालत नव्हतं, घरचं संपलं, आणि पुढं त्या घोटभर पाण्यावाचून बसल्या. सासऱ्यांना मात्र चालत होतं, प्रवासात पुरुषाला सूट असते म्हणे. गाडी पुलावर आली तेव्हा आत्या डब्याच्या मधोमध भांड्यांच्या पोत्यावर बसल्या होत्या आणि खिडकीत सासू-सासऱ्यांची डोकी होती. ‘येताना पायजो, घाई काय हाये?’ सासरे म्हणाले.

बेट म्हणजे रेतीच रेती. वर माड आणि ताडाची झाडं. शेती अशी नाहीच. तांदूळ, भाजी, जळण, सगळं पूल ओलांडून गाडीनं यायचं. तिथल्या लोकांचं पोट दोनच गोष्टींवर, मासळी आणि यात्रेकरू. मासे वाळत घातलेल्या अंगणांवरून जाताना सासूबाई नाकाला पदर लावत आणि पुढच्याच दुकानात शंखांसाठी घासाघीस करत. देवळातले पुजारी मराठी बोलतात हे कळल्यावर सासऱ्यांची छाती अशी फुगली, जणू ते देऊळ त्यांनीच बांधलं होतं. मला सगळं आवडलं, खोटं का सांगू? समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रडले. आणि रडता रडता ध्यानात आलं, की आत्या धर्मशाळेत चुलीपुढं बसल्यात.

धर्मशाळा देवळाच्या पश्चिमेला होती, समुद्र पूर्वेला. आत्यांना दर्शन घडवलं, नाही असं नाही. पश्चिमेच्या दारानं आत नेलं, कुंडांचं पाणी अंगावर ओतलं आणि पश्चिमेच्याच दारानं बाहेर आणलं. देऊळ आरपार चालून गेलं असतं तर समोर समुद्र होता! मी तसं म्हटलं. सासरे म्हणाले, ‘समुद्र का पळून चालला? आधी सैपाक होऊ दे.’ तिथल्या विहिरीच्या खारट पाण्यात डाळ शिजत नसे. आत्या ओलं जळण फुंकत बसायच्या, डोळे लाल, आणि डाळ आपली टणक ती टणक. ती शिजेपर्यंत दुपार, मग जेवणं, मग भांडी, मग सासऱ्यांचा संध्याकाळचा फराळ. रोज हेच.

ज्या दिवशी आम्ही धनुष्कोडीला गेलो, त्या दिवशी मी हट्टच धरला. ‘आज सैपाक राहू द्या मामाजी. आपण फळं खाऊ.’ सासूबाई माझ्याकडं अशा बघत राहिल्या, जसं मी देवळात चपला घालून शिरले. आत्याच म्हणाल्या, ‘जा पोरी तू. मी येताना पुलावरून पायतो. तिथून तं दोन्हीकडं दिसते म्हणते.’ आम्ही गेलो. सासऱ्यांनी समुद्रात उभं राहून मंत्र म्हटले आणि तिथली मूठ मूठ रेती फडक्यात बांधून घेतली. रामेश्वराची रेती काशीला नेऊन गंगेत सोडली म्हणजे यात्रा पुरी होते. काशी त्यांना पुढच्या साली करायची होती.

परतीच्या गाडीत मी भांडून आत्यांना खिडकी मिळवून दिली. त्या पदर सावरून, हात जोडून बसल्या. चाकांचा आवाज बदलला, पूल आला, आणि सासूबाईंना खालचं पाणी पाहून घेरी आली. ‘खिडक्या लावा, खिडक्या लावा!’ सासऱ्यांनी उठून एकेक झडप खाली ओढली, आत्यांच्या खिडकीचीसुद्धा. मी ती वर करायला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. घेरी आलेल्या बाईनं स्वतःचे डोळे मिटायचे, की दुसरीचे? हे मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते आहे. डब्यात अंधार झाला. आत्यांनी झडपेला कान लावला आणि हळूच विचारलं, ‘खाली वाजून राह्यलं, तो समुद्र आहे का पूल?’ मी म्हटलं, ‘दोन्ही.’

घरी आल्यावर मावंदं घातलं. यात्रा करून आलेल्यानं गावाला जेवण घालायचं, ही रीत. अर्धी आर्वी बोलावली होती आणि रांधायला अर्थातच आत्या. पंगत बसायच्या आधी सासऱ्यांनी अंगणात बैठक जमवली, पंजे जोडून पूल उघडला, मिटला. मग मोठ्यानं म्हणाले, ‘आना व ती रेती. लोकायले दर्शन घेऊ द्या.’

सासूबाई सोवळ्याच्या खोलीत गेल्या आणि किंचाळतच बाहेर आल्या. फळीवरचं फडकं रिकामं होतं. आत्या दारात उभ्या होत्या, हातात भाताचा मोठा गंज, बाहेरून असा लखलखीत की त्यात तोंड दिसावं. काय झालं ते मला बघताक्षणीच कळलं. धुतलेल्या फडक्यात बांधलेली पांढरी स्वच्छ रेती भांड्यांच्या फळीवर होती. सोवळ्याची भांडी घासायला मीच धुऊन ठेवली असेल, असं समजून आत्यांनी त्या रेतीनं सगळी भांडी घासली आणि पाणी मोरीत सोडलं.

सासरे अर्ध्या गावासमोर बहिणीवर ओरडले. ‘रामेश्वराची रेती खरकट्यात घातली! माही काशी बुडवली! डोये फुटले होते का तुहे?’ जन्मात कधी भावाला उलटून न बोललेली ती बाई. मला वाटलं आता रडणार. त्यांनी गंज खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘दादा, मले समुद्र दाखवला असता, तं रेती वळखली असती.’

अंगणातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘काऊन? तुमी गेलत्या नं संगं?’ आत्या उत्तर न देता आत गेल्या, भात उतरायचा होता. उत्तर मी दिलं. खिडकीच्या झडपेपर्यंत सगळं सांगितलं, डोक्यावरचा पदर पडला तरी सांगत राहिले. त्यापायी पुढं सहा महिने घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पुढच्या साली सासरे काशीला गेले. आत्यांना नेलं नाही, शिक्षा म्हणून. सोबत पैसे देऊन एक आचारी नेला, म्हणजे आचारी मिळत होता. निघायच्या आदल्या दिवशी ते एकटेच गावाबाहेरच्या नाल्यावर गेले आणि फडक्यात रेती बांधून घेऊन आले. ती रामेश्वराची म्हणून त्यांनी गंगेत सोडली आणि काशीचं मावंदंही घातलं. आत्यांनी त्याही पंगतीची भांडी घासली, त्याच नाल्याच्या रेतीनं.