व्हॉल्व्ह खाली यायला हवा

रविवार, १६ नोव्हेंबर. गच्चीवर जुनी चादर अंथरली आणि वन्संची सायकल उलटी उभी केली, सीट-हँडल खाली, चाकं वर. वाटीत डिझेल, एक जुना टूथब्रश, नट आवळायचे दोन पाने. हे काम दरवर्षी माझ्या थोरल्या नणंद, कुसुमवन्सं, स्वतः करत. यंदा घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापत ठेवून त्या खुर्चीवर बसल्या. उतू गेलेल्या दुधाच्या वासानं मी आत गेले... तेव्हा सगळं संपलं होतं.

वन्संनी लग्न केलं नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात स्टोअरला नोकरी केली आणि नाशिकरोडच्या आमच्या घरून रोज सायकलनं गेल्या. बस कोपऱ्यावर थांबायची, तरीही. बस बंद पडली तर मी नुसती उभी राहणार, सायकल बंद पडली तर मला काय करायचं ते ठाऊक आहे, हे त्यांचं उत्तर. निवृत्तीनंतरही थंडीत पहाटे त्याच रस्त्यानं त्यांची फेरी असे. त्यासाठी सायकल तयार व्हायची ती खंडेनवमीच्या आत, कारण मळक्या चेनला हळदकुंकू वाहणं त्यांना मान्य नव्हतं. देवी काय डोळे मिटून बसलीय का, म्हणायच्या. थंडीत त्या रस्त्यावर पहाटेचं दव आणि वीजकेंद्राची राख मिळून चेनवर लेप बसतो. लोक त्यावरच भसाभसा तेल ओततात आणि आणखी राख चिकटवून घेतात. "तेल पाजायचं, न्हाऊ घालायचं नाही," असं वन्सं सांगत. आधी घासायचं, कोरडं पुसायचं, मग कडीकडीला एकेक थेंब. पावसात गुळगुळीत झालेले ब्रेकचे रबर बदलायचे, मागचा लाल दिवा लागतो का बघायचा.

कॉलनीतल्या बायका आपापल्या सायकली घेऊन यायच्या, पण वन्सं कुणाचीही दुरुस्त करून देत नसत. पाना तिच्याच हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, हात तुझे, डोळे माझे. कितीतरी जणी आज स्वतःचं पंक्चर काढतात, याचा मला फार अभिमान आहे. एकदा मीही चाकाचा कोन, म्हणजे आसावरचा निमुळता नट, आवळायला बसले, तो अंगातली सगळी ताकद लावून. चाक जागचं हलेना. "शैला, लोणच्याची बरणी नाही ती." आवळायचं, मग जरासं सोडायचं. चाकाला हात न लावता हवा भरायचा व्हॉल्व्ह आपल्या वजनानं हळूहळू तळाशी आला, तर जमलं. त्या दिवशी मला जमलं नाही, त्यांनीच करून दिलं. हा एकच अपवाद.

यंदा सुतकामुळे पूजा झाली नाही आणि सायकल जिन्याखाली गंजत राहिली. परवा आमचे हे म्हणाले, चालवणार कोण, देऊन टाकू. मला राग आला नाही, कारण नियम वन्संचाच होता : चालत नाही ती सायकल नाही, भंगार. मी म्हटलं, रविवारी करते, सोमवारी चालवते. नाही जमलं तर खुशाल द्या.

चेन, ब्रेक, दिवा दुपारपर्यंत झाले. राहिलं मागचं चाक. पहिल्यांदा इतकं घट्ट केलं की फिरेना. दुसऱ्यांदा ते डगडगायला लागलं. हे चहा घेऊन आले आणि दारातूनच विचारलं, "मुरलं का लोणचं?" मी मान वर केली नाही. पुन्हा आवळलं, किंचित सोडलं, व्हॉल्व्ह वर आणून हात काढून घेतला. चाक थांबूनच होतं. मग कळेल न कळेल असं वळलं, व्हॉल्व्ह खाली आला, थोडा पुढे गेला, मागे आला आणि तळाशी थांबला. ह्यांच्या हातातला चहा गार झाला होता. "ताईचंच चाक," एवढंच म्हणाले.

सोमवारी पहाटे स्वेटर घातला, कानाला रुमाल बांधला आणि एकलहऱ्याच्या गेटपर्यंत जाऊन आले. घरी आल्यावर सीटखाली खोचलेलं वन्संचं फडकं काढलं, त्यांच्या जुन्या सुती साडीचं. रिम पुसली, चेन पुसली. फडकं राखेनं काळं झालं. ते धुऊन दोरीवर वाळत घातलं, मंगळवारी लागणार होतं.