बंदुकीला हात लावायचा नाही

आमच्या दोन्ही घराण्यांत मिळून बंदूक कुणी हातात धरली असेल तर ती जत्रेत, फुगे फोडायला. त्यातही माझ्या सासऱ्यांनी फुग्याऐवजी फुगेवाल्याची गॅसबत्ती फोडली होती, असं सासूबाई रंगवून सांगायच्या. त्यामुळे पन्नाशीला टेकलेल्या माझ्या नवऱ्याने जेवताना "शनिवारपासून मी रायफल शूटिंग शिकणार आहे" असं जाहीर केलं, तेव्हा मी त्याच्या वाटीत आमटी वाढत म्हटलं, "आधी बाथरूममधली पाल हाकलून दाखव." मुलगी खो खो हसली. तोही हसला.

मस्कतमध्ये वर्षानुवर्षं काढल्यावर माणसाला कसलं तरी खूळ लागतंच. कुणी डोंगर चढतो, कुणी गच्चीत कढीपत्ता लावून त्याचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकत बसतो. माझा नवरा दातांचा डॉक्टर. माबेलातल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये दिवसभर लोकांच्या तोंडात वाकायचं आणि घरी येऊन कंबर धरून सोफ्यावर पडायचं, हा त्याचा दिनक्रम. कुठल्या का निमित्ताने होईना, घराबाहेर पडतोय ना, मग पडू दे, असं मी मनात म्हटलं.

हे खूळ त्याला लावलं एका पेशंटने. लष्करातून निवृत्त झालेले ओमानी गृहस्थ, मूळचे बलुची. त्यांची हिंदी आमच्याइतकीच चांगली, म्हणजे स्त्रीलिंग-पुल्लिंग सोडलं तर सगळं बरोबर. दाढांच्या कामासाठी ते बरेच दिवस ये-जा करत होते. नवरा त्यांना उस्ताद म्हणायचा, मग मीही म्हणायला लागले. रायफल त्यांची, परवाना त्यांचा, गोळ्या त्यांच्या. आम्ही परदेशी माणसं, त्यांचे पाहुणे म्हणून रेंजवर जाऊन बसणार, एवढंच.

मला वाटलं होतं, उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि धडाड. तसं यात काहीच नाही. इब्रीच्या रस्त्याला लागून बरंच आत गेलं की उघड्या माळावर सिमेंटची टेबलं आहेत. टेबलाला स्टूल. टेबलावर एक जड लोखंडी तिवई, तिच्यावर रायफलचं पुढचं टोक टेकवायचं आणि मागचं टोक वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर. रायफल म्हणजे भलं मोठं धूड. सहाशे मीटरवर डोंगराच्या पायथ्याशी कागद लावलेला, आणि वारा कळावा म्हणून मधल्या माळावर छोट्या छोट्या झेंड्या. पाच गोळ्या मारायच्या. त्या मधोमध लागल्या का, हेही कुणी विचारत नाही. त्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या, तेवढंच बघतात. म्हणजे चुकलात तरी चालेल, पण पाचही वेळा सारखंच चुका. मला तर हे थेट संसाराचं तत्त्व वाटलं.

पहिल्या दिवशी उस्तादांनी त्याला जो धडा दिला तो त्याने घरी येऊन मला जसाच्या तसा ऐकवला. "डॉक्टर, बंदूक को पकडना नहीं. पकडेगा तो हिलेगा. हाथ लगानाच नहीं. सिर्फ उंगली." रायफलला ना खांदा द्यायचा, ना गाल टेकवायचा. तिवईचा स्क्रू फिरवून रायफलवरच्या दुर्बिणीतला काटा कागदावर आणायचा, वारा ठरेपर्यंत वाट बघायची आणि चापाला बोट लावायचं. बस्स.

त्याला ते जमलं. खरंच छान जमलं. सुरुवातीला भोकं कागदभर पांगलेली असायची, मग ती हळूहळू एकमेकांजवळ सरकली. एका शनिवारी तो दारातूनच ओरडत आला. कागदावर पाच भोकं, एका पुरीखाली झाकली जातील एवढ्याशा जागेत. मी चेष्टेने खरोखरच पुरी लाटून कागदावर ठेवून बघितली. झाकली गेली. मुलीचं परीक्षेचं वेळापत्रक बाजूला सारून त्याने तो कागद फ्रिजवर लावला. त्यानंतर तिथे आणखी कागद येत गेले.

आता हाताचं सांगते. कारण माझ्या डोक्यात त्या काळात खरं तेवढंच चाललेलं होतं.

आधी बशीतला कप वाजायला लागला. मग तो बशी घेईनासा झाला, कपाऐवजी मोठा मग वापरायला लागला. शर्टाचं वरचं बटण लावताना पाठ फिरवायला लागला. मला वाटलं, दमलाय. मुलीने मात्र एकदा जेवता जेवता विचारलं, "आई, बाबाचा हात असा काय होतो? लाइक, व्हायब्रेट होतो?" त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि म्हणाला, "एसी कमी कर जरा." एसी बंदच होता.

मग सिस्टरचा फोन आला. ही केरळची बाई, त्याच्या खुर्चीशेजारी कितीतरी वर्षं उभी राहून काम करणारी. मला तिने कधी फोन केला नव्हता. "मॅडम, डॉक्टर को छुट्टी लेने बोलो ना. इंजेक्शन देता है तो मैं आँख बंद करती." एका लहान मुलीच्या हिरडीला सुईचा ओरखडा गेला होता. मुलीच्या आईला कळलं नाही, सिस्टरला कळलं. "मैंने किसी को नहीं बोला," असं तिने मला दोनदा सांगितलं. मी थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला.

मला भीती वाटत होती, आणि ती एकच एक नव्हती. हा असाच काम करत राहिला तर कुणाला तरी इजा होणार. ओरखड्यावर निभावलं ते नशीब. आणि काम सोडलं तर? इथे नोकरीला व्हिसा बांधलेला, व्हिसाला घर, घराला मुलीची बारावी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. पण ओरखडा गेला ती मुलगी कुणाची तरी होती. हे एकदा डोक्यात शिरल्यावर मला गप्प बसणं शक्य नव्हतं.

मी बोलले. सिस्टरचं नाव काढलं नाही, नुसतं म्हटलं, "न्यूरॉलॉजिस्टला दाखवून ये. आणि तोवर सुया हातात घेऊ नकोस." त्याने माझं कोपर धरून मला फ्रिजसमोर नेलं. "हे बघ. सहाशे मीटर. तुझे डोळे चांगले आहेत ना? हात कापणाऱ्या माणसाचं काम आहे हे? सांग." मी म्हटलं, "पण कप..." तो म्हणाला, "कपाचं काय घेऊन बसलीस. चहा कमी करतो." वर आणि हसला. आता कागदाशी कोण कसं भांडणार? त्या कागदांचा मला इतका राग आला की वाटलं सगळे फाडून कचऱ्यात टाकावेत. फाडले मात्र नाहीत.

पुढच्या शनिवारी मी त्याच्याबरोबर रेंजवर गेले. थालीपीठं आणि थर्मास घेतला, म्हणजे सहलीला आल्यासारखं दिसावं. त्याच्या उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसले आणि बाकी काही न बघता त्याचा हात बघत राहिले.

बोट चापाकडे गेलं की थरथरायला लागायचं. चांगलं दिसण्याइतकं. थरथरत थरथरतच ते चापाला लागायचं आणि गोळी सुटायची. त्याने काही बिघडत नव्हतं, कारण तो चाप इतका हलका की नुसता स्पर्श पुरायचा, आणि रायफल तर तिवईवर आणि पिशवीवर निवांत पडलेली. तिला हाताची गरजच नव्हती. हात कापो, झोपी जावो, रायफलला काय त्याचं? फ्रिजवरच्या सगळ्या कागदांवर जे काही स्थिर होतं ते लोखंड आणि वाळू होतं. माझा नवरा त्यात कुठेच नव्हता. हे कळलं तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं, कारण भांडायला मुद्दा सापडला होता. पण मला रडूच आलं. मी ऊन लागल्यासारखं करून डोळे पुसले.

नवरा पिकअपमध्ये बसून कागद आणायला डोंगराकडे गेला. मी आणि उस्ताद मागे राहिलो. त्यांनी मला काहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतून दिला, तेव्हा ती इवलीशी वाटी त्यांच्या हातात हलत होती. मी बघतेय हे त्यांनी बघितलं आणि हात तसाच पुढे धरून दाखवला. "मेरा भी ऐसाच है, मदाम. पहले खडा होके मारता था. अभी नहीं होता, तो इधर बैठता हूँ." मग खजुराची ताटली माझ्याकडे सरकवत ते सहज म्हणाले, "डॉक्टर का हाथ मैंने दाँत के टाइम देखा. मैं सोचा, इसको इधर लाओ, खुश होगा. इधर किसी का हाथ नहीं दिखता."

म्हणजे त्या भल्या माणसाने, स्वतःच्या तोंडात सुई असताना, डॉक्टरचा थरथरणारा हात बघितला होता आणि तक्रार करायची सोडून त्याला एक विरंगुळा दिला होता. माणुसकीने केलं. आणि त्याच विरंगुळ्याच्या जोरावर माझा नवरा रविवार ते गुरुवार लोकांच्या जबड्यात सुया घालत होता. मी कुणावर चिडायचं? मी खजूर खाल्ला.

त्यानंतर कितीतरी वेळा मी कणीक मळताना वाक्य तयार केलं. रायफल टेबलावर असते, तुझ्या हातात नसते. इतकं सोपं वाक्य. पण शनिवारी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं ते आठवड्यात दुसऱ्या कुठल्याच दिवशी नसायचं. ते मी माझ्या हाताने कसं पुसायचं? मला त्याची कीव यायची, रागही यायचा, आणि दोन्ही एकदम आलं की मी मुलीवर ओरडायचे. बिचारीला आईचं काय बिनसलंय तेच कळेना.

मग एका शनिवारी, रेंजवर, त्याने स्वतःच्या पाच गोळ्या मारल्या, स्टुलावरून उठला आणि मला म्हणाला, "आता तू बस."

"मी? मला कुठे येतंय?"

"बस तर."

उस्ताद खूश झाले. "यल्ला, मदाम, चलो!" म्हणत त्यांनी पुढे नवा कागद लावून घेतला, मला स्टुलावर बसवलं, तिवईचा स्क्रू फिरवून दाखवला आणि तोच धडा दिला, हाथ लगानाच नहीं. मी दुर्बिणीत डोळा घातला. उन्हाच्या झळांत कागद हलत होता, काटा मात्र जागच्या जागी होता. उस्ताद झेंड्या बघत "रुको, रुको... अभी" म्हणाले आणि मी बोट लावलं. रायफल आपली आपण मागे सरकली. मी फक्त दचकले.

दुसऱ्या गोळीआधी मला नीट उमजलं, मी काय करतेय ते. आयुष्यात पहिल्यांदा बंदुकीपाशी बसलेल्या बाईची भोकं त्याच्यासारखीच पुरीखाली झाकली गेली, तर त्याच्याकडे काय उरणार? इतके दिवस मला हेच हवं होतं, आणि आता ते माझ्या बोटाखाली होतं तर मला नको झालं. मी हळूच खांदा पुढे सरकवून रायफलच्या मागच्या टोकाला लावला. जरासा धक्का, की गोळी कुठेही जाईल. उस्तादांचं लक्ष झेंड्यांकडे होतं.

"खांदा काढ," मागून नवऱ्याचा आवाज आला. अगदी हळू, मराठीत. "नीट मार. मला बघायचंय."

मी मागे वळून पाहिलं नाही. खांदा काढला. उरलेल्या चारही गोळ्या मी उस्ताद सांगतील तशा मारल्या. शेवटच्या दोन गोळ्यांच्या वेळी डोळ्यांत पाणी होतं, समोरचं धूसर दिसत होतं. रायफलला त्याचं काहीच नव्हतं.

उस्ताद स्वतः पिकअप घेऊन गेले आणि लांबूनच हॉर्न वाजवत परत आले. "माशाल्ला, मदाम! माशाल्ला!" त्यांनी माझा कागद टेबलावर नवऱ्याच्या कागदाशेजारी पसरला. कुठला कुणाचा, हे दोघांपैकी कुणीच सांगू शकलं नसतं. मी म्हटलं, "नवशिक्याचं नशीब." नवरा म्हणाला, "नशीब एकदा असतं. पाचदा नाही." आणि त्याने उस्तादांशी हात मिळवला, पुढच्या शनिवारचं त्यांनी विचारलं तेव्हा "इन्शाल्ला" म्हणाला.

परत येताना त्याने गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. बराच रस्ता गेल्यावर त्याने विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"सिस्टरचा फोन आला तेव्हापासून."

"मला त्याच्याही आधीपासून," तो म्हणाला.

मग त्याने फोन काढला आणि सिस्टरला लावला. "सिस्टर, कल के सब पेशंट दूसरे डॉक्टर को दे दो. नहीं, परसों के भी. हाँ, तबियत ठीक है." फोन दुसऱ्या कानाला लावला. "नहीं सिस्टर, ठीक नहीं है."

त्याने फोन मांडीवर ठेवला. माबेलाचा फाटा जवळ आला तेव्हा मला म्हणाला, "उद्या सकाळी उठून मी काय करू?"

मी इंडिकेटर दिला आणि गाडी घराकडे वळवली.