काकांची उन्हाळी चाकं

कुणाकडे जेवायला बोलावलं, तरी काका आधी घरात जात नसत. रस्त्याच्या कडेला यजमानांची गाडी उभी असे, तिच्यापाशी उकिडवे बसत, हातमोजा काढत आणि टायरच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवून बघत. मग आत येऊन नमस्काराच्या आधी निकाल. "रबर दगड झालंय तुमचं. सात डिग्रीच्या खाली हा टायर काही कामाचा नाही." यजमान बहुधा जर्मनीतल्या वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये, पुण्यामुंबईकडचे. ते हसत आणि म्हणत, काका, अजून बर्फ तरी कुठे पडलाय? तेव्हा हिवाळी टायरची सक्ती आजच्यासारखी नव्हती. प्रश्न बर्फाचा नसून थंडीचा आहे, हे काका पानं वाढून होईपर्यंत समजावत बसत. आमच्या मंडळीत त्यांचं नाव पडलं ते सातडिग्रीकाका.

इंजिनिअर माणूस. गाड्यांचे ब्रेक तपासण्यात त्यांची जर्मनीतली तीस वर्षं गेली. स्वतःची गाडी मात्र जुनी, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार. इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना. अशी गाडी लोक हिवाळ्यात झाकून ठेवतात, काका बाराही महिने चालवत. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी चाकं, तीही उन्हाळ्याच्या चाकांपेक्षा अरुंद. स्पोर्ट्स कारला बारीक चाकं शोभत नाहीत असं कुणी म्हटलं की म्हणत, "रुंद टायर बर्फाच्या चिखलावर होडीसारखा तरंगतो. बारीक टायर खाली जाऊन रस्ता शोधतो. आणि ब्रेक काय, तो चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतं ते रबर."

मी नववीतून शाळा सोडलेला. मिरजेला हायवेवरच्या टायरच्या दुकानात दहा वर्षं काढली. बायको नर्स, तिला हायडेलबर्गजवळ एका वृद्धाश्रमात नोकरी लागली, तिच्यामागून मी आलो. दोन वर्षं घरी बसून होतो. मग काकांनी आपल्या नेहमीच्या टायरवाल्याकडे माझ्यासाठी शब्द टाकला. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे पसंत पडलं नाही तर कारण न सांगता घरी पाठवतात. भाषा येत नव्हती, हातात शिक्षणाचा कागद नव्हता. ही नोकरी गेली असती तर दुसरी कोण देणार होतं? मी प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं, तीनदा तपासायचो. काका शेजारी उभे राहून म्हणायचे, "काय मिरजकर, बोल्टाला विचारलंस का, दुखतंय का म्हणून?"

एवढं करूनही चूक झाली, आणि झाली ती काकांच्याच गाडीवर. गाडीवर नसलेली चाकं इथले लोक वर्कशॉपच्या गोदामात ठेवतात. काकांची हिवाळी चाकं मी बाहेर काढली तर उन्हाळाभरात त्यांच्यावरची, कुठलं चाक कुठे बसवायचं ती खडूची खूण पुसट झालेली. मालकांनी बघून सांगितलं, ही दोन ड्रायव्हरच्या बाजूची. मिरजेत आम्ही डावं-उजवं म्हणतच नव्हतो. ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड. आणि दहा वर्षं ड्रायव्हर उजवीकडे बसलेला. हात आपोआप उजवीकडे गेले. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो हे डोक्याला माहीत होतं, हातांना नव्हतं.

चाकं बदलल्यावर पन्नास किलोमीटर चालवून परत यायचं आणि बोल्ट आवळून घ्यायचे, अशी इथली पद्धत. निम्मे लोक येत नाहीत. काका दुसऱ्याच दिवशी आले, भर पावसात. गाडी लिफ्टवर घ्यायला लावली, मला जवळ बोलावलं आणि टायरच्या कडेवरच्या बाणावर बोट ठेवलं. चाक कुठल्या दिशेनं फिरायला हवं, ते तो बाण सांगतो.

"कुठे बघतोय हा?"

"मागे," मी म्हटलं. चारही बाण मागे बघत होते. टायरच्या खाचांनी पाणी बाहेर फेकायचं, तर त्या ते आत ओढत होत्या. ऑटोबानवर गाडी पाण्यावरून सरकली होती आणि काकू शेजारी बसल्या होत्या. हे काकूंनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. काका त्याबद्दल कधीच बोलले नाहीत.

मालक चौकशीला आले. काकांनी त्यांना शांतपणे सांगितलं, जरा आवाज येतोय, चाकं काढून पाहायची आहेत, हाच करेल. मालक गेल्यावर मला म्हणाले, "आज मी खोटं बोललो. प्रोबेत्साइट संपला की खरं तू सांगायचं. आणि हे बघ, तुझी भीती कामाची आहे. ती चाकाजवळ ठेव, घरी नेऊ नकोस."

सहा महिने संपले त्या सोमवारी मी मोडक्या जर्मनमध्ये मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी खिशातला खडू काढून माझ्या हातात दिला. आजपासून गोदामातल्या खुणा तू करायच्या, म्हणाले. ते काम आजही माझ्याकडेच आहे.

काका आपल्या चाकांवर मात्र मला खूण करू देत नसत. पुढच्या ऑक्टोबरपासून ते स्वतःच मोठ्या अक्षरात मराठीत लिहीत: डावं पुढचं, उजवं मागचं. वर दरवेळी बजावत, "गाडीत बसल्यासारखं उभं राहा. तिच्या तोंडासमोर उभं राहून डावं-उजवं ठरवू नकोस."

शेवटची खूण त्यांनी केली त्या ऑक्टोबरात लिहिताना दोनदा थांबले, धाप लागली म्हणून. फेब्रुवारीत मी त्यांना हॉस्पिटलमध्ये भेटलो. नळ्या लावलेल्या होत्या. मला बघून विचारलं, "बाहेर किती?"

"तीन, काका."

"मग ठीक. इतक्यात बदलू नकोस." त्यानंतर डोळे मिटून पडून राहिले. दोन दिवसांनी गेले.

काकू पुण्याला परत जाणार होत्या. गाडी एर्लांगेनच्या एका मराठी मुलानं घेतली. ईस्टरनंतर तो न्यायला आला, काकूही आल्या. मी गोदामातून उन्हाळी चाकं काढली. चारही चाकांवर काकांचं अक्षर. गिऱ्हाइकाला चाक देताना खडू पुसून द्यायचा, असा आमचा नियम. माझ्या हातात फडका होता. काकू म्हणाल्या, "राहू दे रे."

राहू दिला. पहिल्या पावसात जाणारच होता, मी कशाला पुसू?

चारही बाण पुढे बघताहेत ना, हे तीनदा पाहिलं. बोल्ट आवळले. पन्नास किलोमीटरनंतर परत या, असं त्या मुलाला सांगितलं. तो हो म्हणाला, पण दोनशे किलोमीटरवरच्या एर्लांगेनहून तो कशाला येतोय? तरी त्या दिवशी वर्कशॉप बंद होईपर्यंत मी टॉर्क पाना जागेवर ठेवला नाही.