आकडा बरोबर, पोरगी गुहेत

खरं सांगा, पोरं मोजताना तुम्ही पोरांकडे बघता की आकड्याकडे? लगेच ‘पोरांकडे’ म्हणू नका. काचवालाही तेच म्हणाला असता.

गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान. खिडक्यांच्या काचा कापायच्या, चौकटीत बसवायच्या. हिऱ्याच्या कलमाने रेघ ओढायची, टेबलाच्या कडेवर हलकेच दाबायचं, टक्! जन्मभर तुटण्याशीच गाठ, त्यामुळे त्याला जिकडेतिकडे तुटणंच दिसतं. जिना दिसला की पडणं, पाणी दिसलं की बुडणं. घरातल्या टेबलाचे कोपरे त्याने जुन्या टायरच्या रबराने बांधून ठेवलेत. तोंडात एकच शब्द, “जपून!” म्हणून गल्लीने त्याचं नाव पाडलं जपूनराव. हसतात लोक. हसेनात का! भित्रा माणूस काही वाईट नसतो, फक्त भलत्याच जागी पहारा देत बसतो.

त्याची एकुलती एक लेक, घरात तिला भिंगरी म्हणतात. ती स्काउट पथकात गेली आणि बापाची झोप उडाली. त्यात पथकाचं कुटुंब-शिबिर निघालं. आईबापांसकट तंबूत राहायचं, आसपासची गुहा, दीपगृह बघायचं.

“नकोच पाठवायला,” तो म्हणाला.

बायको लॉन्ड्रीत इस्त्री करते. तिला सुट्टी नव्हती, पण जीभ रजेवर नव्हती. “मग काचेच्या कपाटात ठेवा पोरीला! अहो, तुम्हीच जा बरोबर. तुम्हालाही जरा वारा लागेल.”

गेला. पहिल्याच संध्याकाळी तंबूची प्रत्येक दोरी ओढून पाहिली आणि थेट स्काउटमास्तरांना गाठलं. मास्तर म्हणजे शाळेत कवायत घेणारा, भला माणूस.

“मास्तर, माझी पोर माझ्याजवळच राहणार. तुमच्या मोजणीत तिला धरू नका. जबाबदारी माझी.”

“बरं दादा. पालकांजवळची पोरं आम्ही मोजतच नाही.”

पथकाची रीतच तशी. शिट्टी झाली की प्रत्येक तुकडीची प्रमुख आपली पोरं मोजणार आणि हात वर करून ओरडणार, “सगळे हजर!”

दुसऱ्या दिवशी गुहा. तोंड बुटकं, आत ओल्या पायऱ्या, खाली अंधूक दिवे. काचवाला तोंडाशीच थांबला.

“चला ना, बाबा!”

“तू... तू तुकडीबरोबर जा. मी इथं चपला सांभाळतो.”

“चपला काढल्यात कोणी?” भिंगरी खो खो हसली आणि रांगेच्या शेपटाला पळाली.

मास्तर पार पुढे होते. पोर आता तुमच्यात आहे, हे त्यांना सांगायचं याच्या डोक्यातच आलं नाही.

गुहेचं दुसरं तोंड डोंगराच्या पलीकडे निघतं. बस तिथेच उभी होती. काचवाला वळसा घालून गेला आणि ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा धरली, ‘जपून’ म्हणायला जवळ पडते म्हणून. शिट्टी वाजली. “सगळे हजर!” बस निघाली. बापाला वाटलं, तुकडीत आहे. मास्तरांना वाटलं, बापाजवळ आहे. मागे पोरं गात होती, आणि त्या कालव्यात त्याला लेकीचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. कान इतके खोटारडे असतात!

दीपगृहाच्या जिन्याशी उभा राहून तो वर चढणाऱ्या एकेका पोराला “जपून” म्हणत होता. शेवटचं पोर गेलं. त्याने पायरीकडे पाहिलं. पायरी रिकामी.

“भिंगरी कुठाय?”

दोन वेण्यांची तुकडीप्रमुख थबकली. “तुमच्याजवळ ना, काका?”

त्याच्या आत कुठेतरी टक् झालं. बसकडे बोट दाखवत तो पळत सुटला.

सगळ्या पोरांना घेऊन बस गुहेकडे उलटी फिरली. मास्तरांचा चेहरा पांढराफटक. “पण आकडा बरोबर होता हो, दादा...”

“आकडा घाला चुलीत!”

गुहेला कुलूप होतं. रखवालदार म्हणाला, “आत कुणी नाही. तुमचीच पोरं ओरडली ना, सगळे हजर? मग मी दिवे घालवले.” त्याने दार उघडलं आणि दिव्यांच्या खटक्याकडे धावला. काचवाल्याला तेवढाही दम नव्हता. जो माणूस दिवे असताना आत गेला नाही, तो अंधारात शिरला. डोकं दगडावर आपटलं. खाली पाणी ठिबकत होतं. दरी आहे, पाणी आहे, पोर घसरली असेल, असं मन एकेक दाखवत होतं. हाक मारायला गेला, तर सवयीचाच शब्द फुटला, “जपून!”

काहीच नाही. नुसतं ठिबक, ठिबक.

मग खालून बारीक आवाज आला. “बाबा, मी हललेच नाही.”

हरवलात तर बसा तिथेच, हे पथकाने शिकवलेलं. बुटाची नाडी बांधायला वाकली होती, तेवढ्यात रांग वळणाआड गेली आणि पाठोपाठ दिवे गेले. लोखंडी कठड्याला मिठी मारून बसली होती. गळ्यातला स्काउटचा रुमाल रडून ओलाचिंब.

“अगं, ओरडायचं ना!”

“‘सगळे हजर’ ऐकू आलं, बाबा. मला वाटलं, त्यात मीपण आहे. मग कोणीतरी येईलच.”

दिवे लागले तेव्हा बाप पोरीला छातीशी धरून पायरीवर बसला होता. मास्तर हात जोडायला आले. हा म्हणाला, “तुम्ही एकटे नाही चुकलात. हिला मोजणीतून मीच काढलं होतं.”

शिबिराकडे परतताना त्याने गाडी सुरूच करू दिली नाही. मास्तरांची यादी घेऊन दारात आडवा उभा राहिला आणि पोरापोराला नावाने हाक मारली. एक झोपलेला होता, त्याला उठवून “आहे” म्हणायला लावलं. पोरं हसली. भिंगरीचं नाव त्याने शेवटी घेतलं, आणि ती त्याचा सदरा धरून शेजारीच उभी असूनही उत्तराची वाट पाहिली.

तेव्हा उद्या तुमच्या बसमध्ये कोणी “सगळे हजर” म्हणून ओरडलं, तर गप्प बसू नका. उठा, ड्रायव्हरला थांबवा, एकेका पोराला नावाने हाक मारा. आणि उत्तर येईपर्यंत चाक हलू देऊ नका.