रविकुमारचं प्रकट वाचन

खजुरीच्या स्टँडवर भर दुपारी गर्दी एका भांडेवाल्याला तुडवत होती. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत गावोगाव फिरणारा गरीब माणूस. पार औरादच्या पलीकडचा, तेलुगूशिवाय भाषा येत नव्हती. एका पोरीच्या हातावर त्याने चॉकलेट ठेवलं, एवढाच गुन्हा. पोरं पळवणारी टोळी आल्याचा मजकूर आदल्या दिवसापासून मोबाईलवर फिरत होता. गावाला तेवढं निमित्त पुरे झालं. माणसाचं नाक फुटलं, दात पडले, तरी लाथा थांबेनात.

नागरत्नाबाई त्या गर्दीत घुसल्या. उभा जन्म त्यांनी मराठी शाळेत पोरांना वाचायला शिकवण्यात घातला होता. हातखंडा प्रकट वाचनात. उतारा वीररसाचा असेल तर छाती काढून वाचायचा. करुणरसाचा असेल तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. खालचे प्रश्न, म्हणजे कोण बोलतं, कुणाला बोलतं, कशावरून म्हणतं, ते मात्र पोरं गाईडमधून उतरवायची आणि बाई बरोबरची खूण करायच्या. बक्षीस आवाजाला मिळतं, प्रश्नांना कोण विचारतो! वाचनस्पर्धेत तालुक्यात पहिला आलेला त्यांचा लाडका विद्यार्थी रविकुमार आज दांडा घेऊन सगळ्यांच्या पुढे होता.

"थांबा रे, मरंल की त्यो!" बाई भांडेवाल्याच्या अंगावर आडव्या पडल्या. "रवी, काय आलंय मोबाईलमध्ये? वाच. सगळ्यांना ऐकू दे."

तो मजकूर बाईंनाही आला होता. त्यात ना गावाचं नाव, ना तारीख, ना सांगणाऱ्याचा पत्ता. एकदा मोठ्याने वाचला की त्यातला पोकळपणा आपोआप दिसेल, अशी त्यांची भाबडी खात्री.

बाईंचा शब्द मोडायची रविकुमारला सवय नव्हती. त्याने दांडा काखेत धरला, घसा साफ केला.

"आयांनो, तुमच्या काळजाचे तुकडे..." इथे त्याने आवाज खाली आणला. "कापून, पोत्यात भरून..." इथे थांबला, बाईंनी शिकवलं होतं तेवढाच वेळ. बायका हुंदके देऊ लागल्या. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज चढला, आणि तोवर नुसता बघत उभा असलेला म्हातारा ग्यानबाही दगड उचलून धावला.

"अरे, कोण म्हणलंय हे? कुठलं गाव? ते सांगा की!" बाई ओरडत राहिल्या. पालथ्या घड्यावर पाणी. पहिला दांडा त्यांच्याच हातावर बसला, हाड मोडलं. कुणीतरी केस धरून त्यांना बाजूला फेकलं. मग भांडेवाल्याच्या डोक्यावर दगड पडले. तो "अम्मा, अम्मा" म्हणून किंचाळत होता; तेवढं तरी सगळ्यांना कळत होतं. एकही हात थांबला नाही. कलबुर्गीच्या वाटेवर, दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

पोलीस ठाण्यात बाईंनी जबाब दिला. वाचायला मीच लावलं, हे आधी सांगितलं. मग रविकुमारचं नाव घेतलं.

तो समोरच बसला होता, शर्टावर अजून रक्त. "तुम्हीच वाच म्हणलाव न्हवं, बाई?" तो म्हणाला. "मग वाचताना माझं चुकलं कुठं?"

बाईंनी आठवून पाहिलं. खरंच, एक शब्द चुकला नव्हता.

"वाचण्यात न्हाई चुकलं रे," त्या म्हणाल्या आणि पोलिसांदेखत ढसाढसा रडू लागल्या. "काय कळलं, हे मी तुला कधी विचारलंच न्हाई."